छाप्याची भीती आणि एचआयव्हीचा प्रसार

संयुक्त अरब अमिरातीत नोकरीला जाणाऱ्या प्रौढ परदेशी माणसाला निवास व्हिसासाठी रक्त तपासावं लागतं. एचआयव्ही आढळला तर व्हिसा मिळत नाही, मायदेशी परतावं लागतं. तिथल्या दर दहा रहिवाशांत सुमारे नऊ परदेशी आहेत. देहविक्री हा तिथे गुन्हा आहे आणि परदेशी बाईला शिक्षेपाठोपाठ हद्दपारी होऊ शकते. या दोन नियमांमुळे रोगप्रतिबंधाचं काय होतं, ते क्रमाने पाहू.

आधी चाचणी. लागण झाल्यावर प्रयोगशाळेतल्या आधुनिक चाचणीलाही ती दिसायला साधारण 18 ते 45 दिवस लागतात. व्हिसाच्या चाचणीनंतर झालेली लागण तर नूतनीकरणापर्यंत कळतच नाही, स्वतःहून तपासून घेतलं तरच कळते. पण निकालावर नोकरी आणि मुक्काम दोन्ही टांगलेले असताना स्वतःहून कोण तपासायला जाईल?

मग औषध. असुरक्षित संबंधानंतर 72 तासांच्या आत प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या तर लागण टळू शकते. मात्र धोका कसा घडला हे डॉक्टरला सांगणं म्हणजे गुन्हा कबूल करणं वाटलं, की ते तास हातचे जातात. लागण झालेल्यांनी नियमित औषध घेतलं, तर रक्तातला विषाणू इतका घटतो की तो संबंधांतून जोडीदाराला लागत नाही. लपून राहिलेला रुग्ण औषधाला मुकतो आणि त्याच्या जोडीदाराचंही संरक्षण जातं.

तिसरी गोष्ट कंडोमची. तो पर्समध्ये सापडला तर पुरावा ठरेल, या धास्तीने देहविक्री करणारी बाई तो जवळ बाळगत नाही. पोलिसांच्या भीतीने सौदा घाईत उरकावा लागतो. गिऱ्हाईक पारखायला, कंडोमचा आग्रह धरायला वेळ उरत नाही.

सांगलीत याच्या उलट वाट धरली गेली. 1992 पासून ‘संग्राम’ या संस्थेने देहविक्रीच्या वस्तीतल्या बायकांनाच कंडोमवाटपाच्या आणि माहितीच्या कामात पुढे केलं, त्यातून त्यांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही संघटना उभी राहिली. पुढे 19 मे 2022 रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही कंडोमला गुन्ह्याचा पुरावा मानू नये, असं बजावलं.

आखातातून परतावं लागलेल्या माणसाला भारतात सरकारी एआरटी (एचआयव्हीच्या उपचारांच्या) केंद्रात औषध मोफत मिळतं, 2017चा एचआयव्ही-एड्स कायदा भेदभावाला मनाई करतो आणि 1097 या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. घरच्यांनी दूषण न देता त्याला तिथवर सोबत करावी.