सैनिकांची कैफियत मांडणारा कवी

वाचकहो, रवींद्रनाथांची ‘गीतांजली’ आपल्या परिचयाची आहे. तिच्यातील काही शब्द पहिल्या महायुद्धात एका तरुण इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या टिपणवहीत उतरवून घेतले होते, हे आपणांस ठाऊक आहे काय?

त्याचे नाव विल्फ्रेड ओवेन. १८९३ साली जन्मलेला हा कवी १९१५ मध्ये सैन्यात दाखल झाला आणि १९१७ च्या आरंभी फ्रान्समधील खंदकांत पोहोचला. तोफांच्या भडिमाराने त्याच्या मनाला जबर धक्का बसला. एडिंबरोच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात उपचार घेत असता सीगफ्रीड ससून या सैनिक-कवीशी त्याचा स्नेह जुळला. तेथे त्याची लेखणी विषारी वायूने गुदमरणाऱ्या शिपायांची वेदना बोलू लागली.

१९१८ च्या ऑगस्टअखेर तो पुन्हा फ्रान्सला गेला. जवानांचे नेतृत्व करावे आणि त्यांचे हाल पाहून त्यांची कैफियत मांडावी, यासाठीच आपण आलो, असे त्याने आईला कळविले. ऑक्टोबरमधील पराक्रमाबद्दल त्याला ‘मिलिटरी क्रॉस’ हे पदक जाहीर झाले. परंतु ४ नोव्हेंबरला एका कालव्यावरील लढाईत, २५ व्या वर्षी, त्याला वीरमरण आले. मृत्यूची तार घरी आली ती ११ नोव्हेंबरला, शस्त्रसंधीच्या दिवशी!

१९२० साली त्याच्या मातेने रवींद्रनाथांना लिहिले की, अखेरचा निरोप घेताना मुलाच्या मुखी त्यांचेच शब्द होते आणि परत आलेल्या टिपणवहीतही तेच आढळले.

शौर्याने लढूनही युद्धाचे गोडवे गाण्याचे त्याने नाकारले; म्हणूनच त्याची साक्ष आजही मोलाची ठरते.