प्रौढांचे धर्मशिक्षण : फ्रँकफुर्ट आणि कोकण

धर्माचे शिक्षण बालवयातच द्यावयाचे असते, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. परंतु ज्याचे बालपण त्या शिक्षणावाचून गेले, त्या प्रौढाने काय करावे? आधुनिक यहुदी विचाराने हा प्रश्न गांभीर्याने हाताळला आहे; आणि त्याचे एक उत्तर, फारसा गाजावाजा न होता, मराठी भाषेतही दिले गेले आहे.

१९२० साली फ्रान्झ रोझेन्त्स्वाइग या जर्मन तत्त्वचिंतकाने फ्रँकफुर्ट येथील प्रौढांच्या मुक्त यहुदी विद्यागृहाची धुरा घेतली. जर्मन विद्येत मुरलेले, पण हिब्रूला पारखे झालेले सुशिक्षित तेथे येत. शिकविणारेही पुष्कळदा त्यांच्याचसारखे असत. एडुआर्ड श्ट्राउस हे रसायनशास्त्रज्ञ बायबलचा वर्ग घेत. मार्टिन बूबर यांनीही तेथे अध्यापन केले. पूर्वीचे अध्ययन धर्मग्रंथाकडून जीवनाकडे जाई. आता ते जीवनाकडून ग्रंथाकडे जावे, असा रोझेन्त्स्वाइग यांचा आग्रह होता. प्रौढाचे अज्ञान हे लपविण्याचे व्यंग नसून अध्ययनाचे आरंभस्थान होय, हा त्याचा मथितार्थ.

कोकणातील बेने इस्राएल समाजाची स्थिती निराळी होती. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे, आणि शब्बाथ पाळीत म्हणून ‘शनवार तेली’ या नावाने ओळखले जाणारे हे लोक मराठीच बोलत. हिब्रू ग्रंथांशी त्यांचा संबंध दीर्घकाळ तुटलेला होता. एकोणिसाव्या शतकात हाइम सॅम्युएल केहिमकर यांच्या प्रयत्नाने १८७५ साली मुंबईत शाळा निघाली; जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. पण शाळेचे वय उलटलेल्यांचे, ज्यांना अक्षरओळखच नव्हती त्यांचे काय? १८८० च्या सुमारास समाजातील काही जाणत्यांनी कीर्तनाचा आश्रय केला. अब्राहामादी पूर्वजांची चरित्रे साकी, दिंडी, अभंग यांच्या चालींवर श्रोत्यांपुढे येऊ लागली. चाल कानांना परिचित होती. कथा तेवढी नव्याने भेटत होती. येथेही वाट जीवनाकडूनच ग्रंथाकडे गेली, आणि तीही फ्रँकफुर्टच्या चाळीस वर्षे आधी.

हे साम्य फार ताणणे मात्र युक्त नव्हे. कीर्तनाने कथा दिली, भक्ती दिली. परंतु ईश्वरी साक्षात्कार म्हणजे काय, धर्माज्ञा विवेकाला कितपत बांधतात, हे आधुनिक ईश्वरशास्त्राचे प्रश्न त्याच्या कक्षेत क्वचितच आले. ते प्रश्न घेऊन डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने १९२५ साली मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियनची स्थापना झाली. तिची प्रेरणा लंडनच्या उदारमतवादी यहुदी चळवळीची होती आणि तिचा ओढा स्वाभाविकपणे इंग्रजी शिकलेल्यांकडे राहिला. परिणामी कथा मराठीत आणि चिंतन इंग्रजीत, अशी फारकत झाली.

१९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक क्रमाक्रमाने इस्राएलला गेले आणि कीर्तनाची परंपरा क्षीण झाली. पुढे काही स्त्रियांनी ती पुन्हा गायनातून जागविली, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि चाल टिकली म्हणजे कार्य संपले असे नव्हे. कीर्तनात निरूपणालाही स्थान असते. रोझेन्त्स्वाइग आणि बूबर यांनी उपस्थित केलेले प्रश्न त्या निरूपणात मराठीतून उतरले असते, तर आपल्या भाषेच्या धर्मचिंतनात एका नव्या दालनाची भर पडली असती. ते दालन अद्याप रिकामेच आहे.