सल्ल्याची पावती

घोटीच्या बाजारपेठेत पूर्वी भाताच्या भावाची चर्चा चाले. आता चहाच्या टपरीवर एकराचा दर निघतो. समृद्धी महामार्ग मे २०२३ मध्ये भरवीरपर्यंत, मार्च २०२४ मध्ये इगतपुरीपर्यंत आणि जून २०२५ मध्ये पुढे मुंबईच्या दिशेने खुला झाला. तालुक्यातल्या खडकाळ माळालाही गिऱ्हाईक आले. गिऱ्हाइकामागे दलाल आला आणि दलालामागे सर्च रिपोर्ट लिहिणारा वकील. आम्हीही वकीलच आहोत. म्हणून हे लिहिताना बोट आमच्याकडेही आहे.

मध्यंतरी एक निवृत्त रेल्वे कामगार आमच्याकडे आले. "जय भीम, वकीलसाहेब. एवढे वाचा," म्हणून त्यांनी तहसीलची नोटीस पुढे केली. फंडाच्या पैशातून त्यांनी घोटीजवळ वीस गुंठे घेतले होते. गावी सात-बाऱ्यावर नाव असल्याने शेतजमीन घ्यायला अडचण नव्हती. हाताशी वकिलाचा रिपोर्टही होता : 'सदर मिळकत निर्वेध व विक्रीयोग्य आहे.' जमीन मात्र महार वतनाची निघाली.

१९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने संपली. जमिनी पुन्हा वतनदारांना मिळाल्या, पण नवीन शर्तीने. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि शासनाचा नजराणा यांशिवाय त्या विकता येत नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यात मुंढव्याच्या सुमारे ४० एकर वतनी जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला, तेव्हा ही शर्त शहरातल्या लोकांना प्रथमच कळली. घोटीच्या या प्रकरणात विकणाराही आपला आणि घेणाराही आपला. एकाने परवानगीविना मातीमोल भावात दिली, दुसऱ्याने आयुष्याची पुंजी घातली. मधल्या दोघांची फी तेवढी वसूल झाली.

आम्ही त्या वकिलांना विचारले. त्यांचे उत्तर तयार होते : "मी निबंधक कार्यालयातील तीस वर्षांची सूची पाहिली. जुने फेरफार पाहायला मला कुणी सांगितले नव्हते." आता खोटे कसे ठरवायचे? काम दलालाने सांगितले, फी रोखीने दिली, पावती नाही, पत्र नाही. सात-बाऱ्यावर 'नवीन शर्त' हा शेरा उतरलेला नव्हता. तो होता जुन्या फेरफारात. वतनाची जमीन निबंधकाच्या सूचीत कळत नाही, हे तालुक्यातल्या कोणत्याही वकिलाला ठाऊक असायला हवे. आमचे मत विचाराल तर न सांगताही फेरफार पाहणे हे त्यांचे कामच होते. परंतु न्यायालयात मत चालत नाही, करार काय होता ते दाखवावे लागते.

बँकेचे कर्ज असेल तर आणखी गंमत. पॅनेलवरच्या वकिलाची फी कर्जदाराच्या खिशातून जाते, रिपोर्ट बँकेच्या नावाने निघतो आणि पुष्कळदा कर्जदाराला तो पाहायलाही मिळत नाही. इंग्लंडमध्ये एका बाईंच्या घराची चिमणी छप्पर फोडून खाली आली. पाहणी करणारा नेमला होता कर्ज देणाऱ्या संस्थेने, पण फी बाईंनी भरली होती. १९८९ मध्ये तिथल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की साधे घर घेणारा याच पाहणीवर विसंबणार हे त्याला माहीत होते, म्हणून तो बाईंनाही जबाबदार आहे. आपल्याकडे याच धर्तीवर दावा लढवायला हवा, असे आम्हाला वाटते.

ग्राहक मंचाचे दार मात्र बंद झाले. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. के. गांधी प्रकरणात ठरवले की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. अनेक वकीलबंधूंनी पेढे वाटले. आम्हाला काही पेढा गोड लागला नाही. बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, सनदही जाऊ शकते, पण त्याने बुडालेले पैसे परत येत नाहीत. फौजदारी करू म्हणाल, तर नारायण राव प्रकरणात २०१२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की कटात सामील असल्याचा पुरावा नसेल, तर नुसत्या चुकीच्या अभिप्रायावरून वकिलाला गुन्हेगार ठरवता येत नाही.

उरते दिवाणी न्यायालय. १९२६ च्या विधिव्यवसायी फी कायद्याच्या कलम ५ नुसार, केवळ वकील आहे म्हणून निष्काळजीपणाच्या भरपाईतून कुणाची सुटका होत नाही. हा कायदा कितीतरी वकिलांनाच आठवत नाही, पक्षकाराला कोण सांगणार? त्यात मुदतीची मेख. करारभंगाच्या दाव्याला भंग झाल्यापासून तीन वर्षे मिळतात. नुकसान कधी कळले, हे साधारणपणे मोजत नाहीत. या कामगारांना नोटीस आली तेव्हा रिपोर्टला दोन वर्षे दहा महिने झाले होते.

आम्ही आठवड्यात दावा दाखल केला. त्या दिवसापासून आमच्याकडे सर्चसाठी येणाऱ्याला आम्ही आधी एक कागद देतो : काम कुणी सांगितले, कुणासाठी, किती वर्षांचे, फेरफार व वतनाचे कागद पाहायचे की नाही, फी किती. खाली दोन सह्या. पहिल्या महिन्यात तीन दलालांनी आमच्याकडे येणे बंद केले.