उंट, प्यादी आणि पडद्यावरचा आकडा

2025 च्या जुलैमध्ये बातुमीला महिला विश्वचषकाची अंतिम लढत सुरू होती. नागपूरची दिव्या देशमुख कोनेरू हंपीशी खेळत होती आणि आपल्यापैकी बरेच जण घरी बसून दोन गोष्टी बघत होतो: एक पट आणि दुसरी पटाशेजारची ती उभी पट्टी. खरं सांगायचं तर पट कमी आणि पट्टी जास्त. कोण जिंकतंय, हे पट्टी सांगते. मग आपण विचार कशाला करायचा?

आज या पट्टीबद्दल बोलायचं आहे, कारण आमच्या इमारतीतला बारा वर्षांचा एक मुलगा रडवेला होऊन आमच्याकडे आला. त्याच्याकडे पांढरी सोंगटी, एक उंट आणि दोन प्यादी; समोरच्याकडे राजा आणि एकच प्यादं. मुलानं घाईत प्याद्याला प्यादं मारलं आणि डाव बरोबरीत सुटला. घरी येऊन त्यानं डाव मोबाइलवर घातला. आकडा होता पाचच्या वर, पुढच्याच खेळीला शून्य. तो म्हणाला, "आजोबा, चूक कुठे झाली ते कळलं. पण का झाली ते हा सांगतच नाही."

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या वर्गात जे समजावायला आम्हाला एक सत्र लागायचं, ते पोरानं एका वाक्यात सांगितलं.

आता उंटाची गंमत बघा. पांढऱ्या घरावरचा उंट जन्मभर पांढऱ्या घरांवरच फिरतो. बोरिवलीची गाडी आणि मुलुंडची गाडी आपापल्या रुळांवरून धावतात ना, तसंच. फरक इतकाच की उंटांच्या नशिबात दादर नाही. दोन्ही बाजूंना जाऊ शकतो तो राजा, आपल्या घाटकोपर-अंधेरी मेट्रोसारखा.

मुलाचं उरलेलं प्यादं अगदी उजव्या कडेचं होतं. ते ज्या कोपऱ्यात वजीर होणार तो कोपरा काळा, आणि उंट पांढऱ्या घरांचा. समोरचा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला. आता त्याला तिथून हाकलणार कोण? उंट त्या घराला शह देऊच शकत नाही. आजूबाजूची सगळी घरं अडवली तर त्या राजाला खेळीच उरत नाही, पण शहही नसतो. म्हणजे बरोबरी! उंट आणि प्यादं जास्त असून उपयोग शून्य. उंट काळ्या घरांचा असता तर हाच डाव जिंकलेला होता.

मग प्रोग्रॅमला हे कसं कळतं? क्लॉड शॅनन यांनी 1950 मध्ये 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये याची मूळ रीत मांडली. प्यादं एक, उंट तीन, घोडा तीन, हत्ती पाच, वजीर नऊ असे गुण द्यायचे, "मी हे खेळलो तर तो ते खेळेल" असं पुढे बघत जायचं आणि शेवटी बेरीज करायची. पण अभेद्य तटबंदी असेल तर पुढे कितीही बघा, काही घडतच नाही, आणि बेरीज तशीच मोठी राहते. म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी खास नियम घातले: चुकीच्या रंगाचा उंट असेल तर शून्य धरा, दोन बाजूंचे उंट वेगवेगळ्या रंगांचे असतील तर गुणांना कात्री लावा. 2020 मध्ये स्टॉकफिशमध्ये न्यूरल नेटवर्क आलं आणि 2023 मध्ये हाताने लिहिलेलं जुनं मूल्यमापन काढूनच टाकलं. आता कारण विचारावं असा नियमसुद्धा आत सापडत नाही.

राजे धरून पटावर सात किंवा कमी मोहरे असतील तर अंदाजाचीही गरज नाही. 2018 पासून सात मोहऱ्यांपर्यंतची कोष्टकं तयार आहेत. शेवटाकडून उलटं मोजत येऊन प्रत्येक स्थितीचं उत्तर लिहून ठेवलेलं आहे. आपल्या मुलाचं शून्य असं पक्कं आहे.

पण मोहरे वाढले की काय होतं, याची दोन उदाहरणं घेऊ. 2017 मध्ये रॉजर पेनरोज यांच्या नावाने एक कोडं गाजलं. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि तीन उंट. पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी. प्रोग्रॅम म्हणे, काळा जिंकतोय. पण वजीर आणि हत्ती प्याद्यांच्या भिंतीमागे अडकलेले, आणि तिन्ही उंट काळ्या घरांवरचे! पांढऱ्यानं हत्ती मारण्याचा मोह टाळून राजा पांढऱ्या घरांवर फिरवत ठेवायचा. बरोबरी.

उलट उदाहरण लिनारेसचं, 1998 सालचं. टोपालोवविरुद्ध शिरोव काळ्या सोंगट्यांनी खेळत होता. दोन प्यादी जास्त, पण उंट वेगवेगळ्या रंगांचे, म्हणजे बरोबरीचा वास. शिरोवनं 47 व्या खेळीला आपला उंट सरळ प्याद्याच्या तोंडी दिला. का? तो उंट स्वतःच्याच राजाची वाट अडवून उभा होता. तो हलला, राजाला हवी ती एक खेळी मिळाली आणि डाव जिंकला. त्या काळच्या प्रोग्रॅमना ही खेळी सापडत नव्हती.

यावरून "माणूस श्रेष्ठ" असं म्हणायची घाई करू नका. पेनरोज तसा निष्कर्ष काढू बघतात, आम्हाला तो पुरता पटत नाही. शिरोवची खेळी आजचे प्रोग्रॅम शोधतात. आणि पेनरोजच्या पटावर आकडा काहीही असो, नुसता राजा फिरवत राहिलं तर प्रोग्रॅमलाही पन्नास खेळ्यांच्या नियमाने बरोबरी मिळते. मुद्दा वेगळा आहे. उत्तर बरोबर असणं आणि उत्तराचं कारण हाती असणं या दोन गोष्टी आहेत. 1814 मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक संस्कृतातून इंग्रजीत येऊन छापलं गेलं. त्यातही मांडून दिलेल्या स्थिती आणि त्यांची उत्तरं होती. पण ती शिकणाऱ्यासाठी होती: आधी डोकं खाजवा, मग उत्तर बघा.

त्या मुलाला आम्ही मोबाइल बाजूला ठेवायला लावला, पट मांडला आणि विचारलं, "तुझा उंट कुठल्या घरांचा? कोपरा कुठल्या रंगाचा?" तो दोन मिनिटं बघत राहिला आणि मग हसला. आकड्यानं त्याला चूक दाखवली होती. कारण त्याचं त्यानं शोधलं. पुढच्या वेळी प्यादं मारण्याआधी तो कोपऱ्याचा रंग बघेल.

तेव्हा पट्टी जरूर बघा. फक्त आधी दहा मिनिटं ती झाकून ठेवा. आता प्रश्न घेऊ या.