मदरसा आणि शाळा : संवाद हवाच

जुन्नर ही १४९० मध्ये स्थापन झालेल्या निजामशाहीची पहिली राजधानी. या जुन्नर-आंबेगाव परिसरातील मुस्लिम पालकांपुढेही राज्यातील इतर पालकांप्रमाणेच एक प्रश्न असतो : दीनी तालीम आणि शालेय शिक्षण यांचा मेळ कसा घालावा?

सकाळ-संध्याकाळच्या मकतबात कुराणपठण शिकणारे मूल दिवसा शाळेत जाऊ शकते. निवासी मदरशाचे तसे नाही. शिक्षण हक्क कायद्यातून २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे व वेदपाठशाळा वगळल्या गेल्या. औपचारिक विषय न शिकविणाऱ्या मदरशांतील मुले शाळाबाह्य मानली जातील, अशी भूमिका राज्य सरकारने जुलै २०१५ मध्ये घेतली, तेव्हा वाद उफाळला.

सहकार्याचा मार्ग २०१३ च्या डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेत आहे. गणित, विज्ञान, मराठी, इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकांना सरकार मानधन देते. डी.एड. शिक्षकांचे सहा हजारांचे मानधन १६ हजार करण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला. योजना ऐच्छिक आहे. म्हणूनच मौलाना, मुख्याध्यापक आणि पालक यांच्यात बोलणे व्हायला हवे. तसे न झाल्यास हाफिज झालेल्या हुशार मुलापुढे दहावीच्या प्रमाणपत्राअभावी पुढची दारे बंद होतात.