स्टो हलका, पण इंधनाचे काय?

सह्याद्रीतील किल्ले पालथे घालून झाले की मराठी गिरिप्रेमींची पावले हिमालयाकडे वळतात. हिमाचल प्रदेशात जाणाऱ्या पुष्कळांचा मार्ग चंडीगडवरून जातो. दीर्घ पदभ्रमणासाठी स्टो निवडताना बहुतेकांचे लक्ष त्याच्या वजनावरच असते. वस्तुतः स्टो हा एकदाच करावयाचा भांडवली खर्च, तर इंधन हा रोजचा चालू खर्च होय. ताळेबंद दोहोंचा मिळून मांडावयास हवा.

पहिला प्रश्न इंधनाच्या उपलब्धतेचा. गॅस वा रॉकेल रेल्वेतून आणि विमानातून नेण्यास मनाई आहे. म्हणून घरून केवळ स्टो न्यावा. इंधन चंडीगड वा मनाली येथे मिळेल याची आधी चौकशी करावी. हवा भरून पेटविण्याचा रॉकेलचा स्टो हा गिर्यारोहकांचा जुना सोबती. परंतु चंडीगडमध्ये शिधावाटपाचे रॉकेल २०१६ साली बंद झाले.

दुसरा प्रश्न थंडीचा. डब्याच्या तोंडावर बसविण्याचा गॅसचा स्टो जेमतेम शंभर ग्रॅमचा असतो. मात्र निव्वळ ब्यूटेनची शून्य अंशाच्या सुमारास वाफच होत नाही व ज्योत मंदावते. आयसोब्यूटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण अशा थंडीतही जळते. स्पिरिटचा स्टो साधा व हलका खरा. पण तेवढ्याच उष्णतेसाठी गॅसच्या दीडपटीहून अधिक वजनाचे स्पिरिट वाहून न्यावे लागते.

आता हिशेब पाहू. एक लिटर पाणी उकळण्यास सुमारे १५ ग्रॅम गॅस लागतो. दोघांना दिवसाला चार लिटर पाणी उकळावे लागले, तर सहा दिवसांसाठी ३६० ग्रॅम गॅस हवा. २३० ग्रॅमचे दोन डबे घेतल्यास अडीअडचणीसाठी थोडी शिल्लकही राहते. बर्फ वितळवून पाणी करावयाचे असल्यास ही तरतूद जवळजवळ दुप्पट करावी. कारण बर्फ केवळ वितळण्यासाठी जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापते.

तिसरा प्रश्न शिध्याचा. सुमारे ४,२७० मीटर उंचीच्या हामटा खिंडीत पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळते. तेथे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजविणे म्हणजे इंधनाची उधळपट्टीच. पोहे, शेवया, भाजलेल्या पिठाचे पिठले असे चटकन होणारे पदार्थ न्यावेत आणि पातेल्यावर झाकण ठेवावे.

एक काटकसर मात्र कदापि करू नये. वारा लागतो म्हणून बंद तंबूत स्टो पेटविल्यास कार्बन मोनॉक्साइड साचून झोपेतच प्राण जाऊ शकतो. वाऱ्याचा आडोसा म्हणून गॅसचा डबा पत्र्याने चहूबाजूंनी वेढणेही घातक; डबा तापून फुटण्याचा धोका असतो. त्यासाठी खडकाचा आडोसा शोधावा. तेथे चार ग्रॅम गॅस अधिक जळाला, तरी तो खर्च सत्कारणी लागला असे समजावे.