लघू अणुभट्ट्यांची स्थाननिश्चिती व मान्यता
सु. ३०० मेगॅवॉटपर्यंत विद्युत् क्षमता असलेल्या आणि कारखान्यात तयार केलेले भाग जागेवर जोडून उभारावयाच्या अणुभट्टीस लघू अणुभट्टी म्हणतात. तिची जागा, भोवतालच्या जमिनीचा वापर व उभारणीची संमती यांविषयीच्या विधींचे पुण्याच्या संदर्भातील विवेचन येथे केले आहे.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार अणुऊर्जा हा संघसूचीतील, तर जमीन व स्थानिक शासन हे राज्यसूचीतील विषय होत. त्यामुळे अणुभट्टीस परवाना देणारा कायदा राज्य विधिमंडळास करता येत नाही. १९६२ च्या अणुऊर्जा अधिनियमाने हा अधिकार केंद्राकडे ठेवला. १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या शांती अधिनियमात खाजगी कंपन्यांना या क्षेत्रात प्रवेश व मंडळास वैधानिक दर्जा देण्याची तरतूद आहे.

केंद्राच्या परवान्याने जागेचा प्रश्न मात्र सुटत नाही. मोठ्या अणुवीज केंद्रांच्या निकषांनुसार भट्टीपासून सु. १ किमी. पर्यंत वस्तीस मनाई असते; ५ किमी. पर्यंत लोकवस्तीची केवळ नैसर्गिक वाढ होऊ दिली जाते आणि १६ किमी. पर्यंत आपत्कालीन योजना आखावी लागते. यांपैकी दुसऱ्या क्षेत्राचे नियंत्रण राज्याच्या प्रशासनावर अवलंबून असते. महाराष्ट्रात त्याचे मुख्य साधन म्हणजे प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा होय. त्याखालील प्रादेशिक व विकास योजनांनी भूवापर ठरतो.

भाभा अणुसंशोधन केंद्राच्या २०० व ५५ मेगॅवॉट भट्ट्यांचे पहिले संच तारापूर येथे प्रस्तावित आहेत. तेथे निर्बंधित क्षेत्र पूर्वीपासूनच आहे. पुण्याची स्थिती निराळी आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने मार्च २०२५ मध्ये होल्टेक कंपनीला लघू अणुभट्टीचे तंत्रज्ञान ज्या तीन भारतीय कंपन्यांना देण्यास अनुमती दिली, त्यांतील होल्टेक एशिया ही पुण्यातील आहे. आराखडे येथे तयार होऊ शकतात. भट्टीस जागा मिळणे मात्र कठीण. शहराच्या मध्यापासून १६ किमी. त्रिज्येच्या वर्तुळात पिंपरी-चिंचवडचाही मोठा भाग येतो.

इंधन कमी व शीतनाची व्यवस्था स्वयंचलित असल्याने लघू भट्टीभोवतीची क्षेत्रे आखूड असावीत, असे पुरस्कर्ते म्हणतात. याचा निर्णय नियामक मंडळाचा. तथापि ठरलेली मर्यादा टिकविण्याचे काम नगररचनेचेच राहील. विकास योजनेची सुधारणा निदान वीस वर्षांतून एकदा करावी लागते, तर भट्टीचे अपेक्षित आयुष्य साठ वर्षे वा अधिक असते. वाढत्या शहरात एका योजनेने घातलेला निर्बंध पुढील दोन योजनांनीही पाळला, तरच परवान्यातील सुरक्षिततेस अर्थ राहतो.